पुऱ्या मापाच्या वन्सं

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, घडवताना देवानं हात आखडता घेतला नाही. दंड, पोट, कंबर, सगळं भरभरून. घरात फोटो काढायचा झाला की त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, "ताई, तू मागे उभी राहा, नाहीतर बाकीचे मावायचे नाहीत." सगळे हसायचे. वन्संही हसायच्या. पण आमच्या एकाही फोटोत त्या हनुवटीच्या खाली दिसत नाहीत.

कपडे धुऊन देण्याच्या दुकानात त्या इस्त्री करायच्या. तिथे एक मूर्तिकार बाई आपले मातीनं माखलेले कोट धुवायला टाकायची. एकदा कंबरेवर हात ठेवून दम खाणाऱ्या वन्संना बघून ती थबकलीच.

"मावशी, अशाच उभ्या राहाल माझ्यासमोर? तुमची मूर्ती करायचीय."

"माझी? एवढी माती आणणार कुठून?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण सुट्टीच्या दिवशी नवी साडी नेसून तयार! बाईच्या कार्यशाळेत सोबतीला मी, वाटाणे सोलत.

आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर माती चढवतात, हे मी तिथे पाहिलं. मूर्ती होत आली तेव्हा बाईनं वरचं ओलं फडकं काढलं. वन्संनी भोवती एक फेरी मारली.

"छान आहे हो. पण ही कोण?"

बाई गोरीमोरी झाली. सांगाडा तिनं नेहमीच्या सवयीनं सडसडीत बाईच्या मापाचा केला होता. पोटाची माती सारखी सुटून पडायची, म्हणून तिनं ती हळूहळू कमी केली होती.

"मातीला वजन पेलवत नाही, मावशी. अशाही तुम्ही ओळखू येताच की."

"मातीला पेलवत नसेल. माझ्या पायांना जन्मभर पेलवतंय," वन्सं म्हणाल्या. "घरचे मला फोटोत लपवतात, ते मी चालवून घेतलं. तुम्ही तर मला बघायला बोलावलंत. पुरी करणार असाल तर उभी राहते, नाहीतर ही बारीक बया तुमची तुम्हाला लखलाभ."

बाईचं प्रदर्शन तोंडावर आलेलं. मी वन्संना कोपरानं ढोसलं, "जाऊ द्या ना." त्यांनी असं काही पाहिलं की मी मुकाट पुढची शेंग उचलली.

बाईनं तार घेतली आणि माती कापून काढायला लागली, पार सांगाडा उघडा पडेपर्यंत. जाड सळ्या आणल्या, पोटात आडवा दांडा घातला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला पोटाच्या वळ्या आल्या, दंडाचं लोंबणं आलं, काचलेल्या बाहीचा वळसुद्धा आला. वन्संनी मातीच्या पोटावर तळवा ठेवला. "हां. ही मी."

साचा काढून सिमेंटमध्ये ओतलेली ती मूर्ती प्रदर्शनाच्या दारातच अडली. हमालांनी तिरपी केली, आडवी केली, कंबर काही आत जाईना.

"बाहेर अंगणातच ठेवू या," व्यवस्थापक म्हणाला.

"दार काढा!" बाई कडाडली.

पेचकस आला, बिजागऱ्या सुटल्या. एक झडप धरायला माणूस कमी पडला, म्हणून बघायला आलेल्या आमच्या ह्यांनाच उभं केलं. मूर्ती ऐटीत आत गेली, थेट दालनाच्या मधोमध. आत कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"ताई, हात भरून आला गं," हे कण्हले.

वन्संनी पदर सारखा केला. "धर रे नीट. मी अजून आत जायचीय."