पुसलेली खुर्ची

दर गुरुवारी तो समुद्रपूरहून पहिल्या एस.टी.ने वर्ध्याला माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत यायचा. चाल बायकी, आवाज बायकी, लग्नाला नकार. म्हणून गावात, बसमध्ये लोक त्याला नको नको ते बोलत. वडिलांनी दुरुस्त करायला पाठवला होता. आमच्या पुस्तकांत तेव्हा यालाही रोगच म्हणत. त्याला रोगबिग काही नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. तरी झोपेच्या गोळ्या लिहून देत राहिलो. दुसरं होतं काय माझ्याकडे?

तो थोडंच बोलायचा, तेही दाराकडे बघत. उठला की खांद्यावरच्या दुपट्ट्याने खुर्ची पुसायचा. पाठ, हात, बैठक, सगळी. मला वाटे, टापटिपीचा माणूस आहे.

एकदा विचारलंच.

“बसमधी मी उठलो का त्या जागेवर कोणी बसत नाई, साहेब. कंडक्टर म्हणते, पुसून दे. आता सवयच लागली.”

त्यात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. मी टेबलामागून उठलो आणि त्याने दुपट्टा काढायच्या आत त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. तो बघत राहिला.

“तुमी घरी जाऊन आंघोळ करान का, साहेब?”

“नाही,” मी म्हणालो.

संध्याकाळी बायकोने रोजच्यासारखं गरम पाणी काढून ठेवलं होतं. दवाखान्यातून आल्यावर आंघोळ करायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी पाणी पार निवेपर्यंत मी बादलीसमोर नुसता उभा होतो.