झाडून काढलेला गारवा

माझे दाजी शहरातल्या एका बागेत माळी आहेत. तीस वर्षांची नोकरी, आणि त्यांचा सगळा जीव झाडूत. पान जमिनीला टेकायचा अवकाश, दाजी हजर. माझी अक्का म्हणते, "घरात जेवल्या ताटाला हात लावत नाहीत, आणि इथं पानामागं धावतात."

यंदा उन्हाळ्यात बाग मोडून तिथं पार्किंग करायचं घाटत होतं. आजूबाजूचे लोक म्हणाले, बागेमुळं आमची घरं गार राहतात. पालिकेनं इंजिनिअरबाईंना मोजायला धाडलं. बाहेरच्या रस्त्यापेक्षा बाग चार अंशांनी गार निघाली तर राहणार. नाहीतर दाजींची बदली कचरा डेपोवर.

बाई येणार म्हणून दाजी आठवडाभर राबले. खाली लोंबणाऱ्या फांद्या छाटल्या, झुडपं कातरली, पानन्‌पान उचललं. मुंगीनंही पाय पुसून यावं अशी जमीन केली.

दुपारी दोनला बाईंनी रस्त्यावर यंत्र धरलं. एक्केचाळीस. मग बागेच्या मधोमध धरलं. एकोणचाळीस.

"दोनच अंश," बाई म्हणाल्या. "सावली कुठं गेली, काका?"

"छाटली. तुम्ही येणार होता ना."

बाई वहीत लिहू लागल्या. तेवढ्यात अवजारांच्या खोलीमागून अक्काची हाक आली, "अहो, जेवून घ्या."

ती रोज तिथंच डबा उघडते. तीस वर्षं झाडलेली पानं दाजींनी तिथंच लोटली होती आणि तो ढीग कुणाला दिसू नये म्हणून वर वेली चढवल्या होत्या. कातर तिथवर कधी पोचलीच नव्हती.

बाई तिकडं वळल्या. दाजी लाजेनं अर्धे झाले. "तिकडं नको, बाई. पसारा आहे."

बाईंचे पाय घोट्यापर्यंत पानांत रुतले. यंत्रानं पस्तीस दाखवलं.

"काकू, तुम्ही इथंच का बसता?"

"गार आहे म्हणून. त्याला यंत्र कशाला?"

बाग राहिली, पण एका वर्षाच्या बोलीवर. लेखी हुकूम आला: सगळी बाग त्या कोपऱ्यासारखी होऊ द्यावी, झाडू आणि कातर कार्यालयात जमा करावी.

दाजींनी दोन्ही धुऊन, पुसून जमा केली.

आता दुपारी ते अक्काशेजारी हात बांधून बसतात. समोर एखादं पान पडतं. दाजी पानाकडं बघतात, अक्का दाजींकडं.

"बसा," ती म्हणते.