काजळीचा गाळ

काजळी नदीचं पाणी घरातून ओसरलं तेव्हा हौसाने आत जायची घाई केली नाही. विजेच्या मीटरचा मेन स्विच तिने पाणी चढायच्या आधीच पाडला होता. सासूला वरच्या वाडीत नातलगांकडे बसवलं, खिडक्या बाहेरून ढकलून उघडल्या, घराला वारा लागू दिला आणि मग गमबूट चढवून पाऊल टाकलं. माजघरात पोटरीभर गाळ. फ्रीज आडवा झालेला, कणगीतलं भात भिजून आंबलेलं, कोपऱ्यात मेलेली घूस.

गाद्या, भात, पिठाचे डबे, सगळं तिने घरापुढच्या खळ्याबाहेर टाकलं. टाकताना रडली, पण टाकलं. आरोग्य उपकेंद्रातल्या बाईंनी पुरानंतरचा ताप येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या, त्यातली एक घेतली. दुसरी, नवरा आलाच तर म्हणून, ठेवली.

नवरा, रघू, मुंबईला कारखान्यात होता. कुणी बोलावलं नव्हतं. मोबाईलवर वाडीचा व्हिडिओ बघून तो मिळेल त्या गाडीने आला, आणि आल्या आल्या पँट दुमडून अनवाणी आत निघाला.

"अहो, हे बूट घाला. तुमच्यासाठीच आणलेत. नि ही गोळी घ्या आधी."

"मुंबईत गटारातनं चालत कामावर जातो मी. मला काय होतंय?"

"उंदरांचं पाणी आहे ते. लेप्टोचा ताप येतो."

तोवर सासू वरून खाली आली होती. खळ्यात उभी राहून म्हणाली, "जा रे रघू, तो फ्रीज आधी काढ. बायकोचं काय ऐकत बसतोस!"

रघू हसला नि उतरला. फ्रीज उचलताना पत्र्याने त्याची टाच कापली. हौसा साबण नि उकळलेलं पाणी घेऊन धावली, तर त्याने त्याच गढूळ पाण्यात पाय खंगाळलेला. "एवढंसं खरचटलंय गो," म्हणाला.

आठवड्याभराने ताप भरला. पोटऱ्या ठणकायला लागल्या. दवाखान्यात चला म्हटलं की तो म्हणे, काम जास्त झालं, उतरेल. डोळे पिवळे झाले तेव्हा तिने शेजाऱ्याची रिक्षा आणली आणि जवळजवळ ओढतच त्याला रत्नागिरीला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तो परत आला तो शववाहिकेतून.

दिवसकार्याला नणंद, तुळसा, सगळ्यांसमोर कडाडली, "माझ्या भावाला बोलावून गाळात उतरवलंस, नि स्वतः मात्र बूट घालून फिरलीस!"

"मी नाय बोलावलं, वन्सं. आईंना विचारा. त्या तिथेच होत्या."

सगळे म्हातारीकडे वळले. म्हातारीने पदर तोंडाला लावला, भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्याने गळा काढला. तुळसाने आईला कवटाळलं. पुढे कुणी काही विचारलं नाही.

माणसं पांगल्यावर हौसाने उरलेलं घर एकटीने साफ केलं. भिंती धुतल्या, ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी पुसली, वायरमन तपासून गेल्याशिवाय दिवा लावला नाही. सासूला तुळसाने नेलं नाही, ती इथेच आहे. हौसा तिला दोन वेळचं वाढते, औषध देते, आंघोळीला पाणी काढते. विचारलं तर उत्तर देते, तेवढंच.

जेवताना कधी कधी म्हातारी घास हातात धरून म्हणते, "माझा रघू गो..."

हौसा तिच्या ताटात भात वाढते आणि उठून मागल्या दारी जाते.