उत्तरेची खिडकी

रिफअत शिंप्याचा बाप खालचा मजला बांधून आणि गच्चीवर सळया उभ्या ठेवून गेला. इजिप्तमधल्या मिनियाजवळच्या त्या गावात सगळ्यांच्याच गच्चीवर सळया उभ्या असतात. पोरगा लग्नाला आला की वर मजला चढतो. मुलाचं, हमदीचं लग्न ठरलं तसं रिफअतनेही विटा मागवल्या. ऐट काय विचारता! गिऱ्हाईक आलं की माप राहिलं बाजूला, आधी त्याला वर नेऊन भिंती दाखवायचा.

पण व्याहीणबाई भर दुपारी वर चढल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. "माझी पोर इथे उकडून काढणार का? वारा येतो उत्तरेचा, आणि तिकडेच भिंत! तिथे मोठी खिडकी काढा, नाहीतर दुसरी सून बघा."

उत्तरेला शौकीच्या आईचं अंगण. म्हातारी एकटीच राहायची. पहाटे डोईचा रुमाल खुंटीला टांगून, बाह्या सारून मातीच्या भट्टीत रोट्या भाजायची. वरून बघणारं कोणी नव्हतंच. अशी खिडकी काढायची तर शेजारी जाऊन विचारायचं आणि ते म्हणतील तेवढ्या उंचीवर काढायची, ही तिथली रीत. गवंड्याने हात थांबवून विचारलंच, "म्हातारी हो म्हणाली ना?"

"म्हणाली रे बाबा, तू वीट लाव."

धडधडीत खोटं! ती नाही म्हणाली तर सोयरीक मोडेल, अशी भीती वाटली असेल, पण खोटं ते खोटंच.

स्लॅब टाकला त्या दिवशी मजुरांसाठी टोपलीभर गरम रोट्या कुणी पाठवल्या? शौकीच्या आईनेच.  त्यातली एक रिफअतनेही खाल्लीच मेल्याने.

खिडकीला चौकट बसली. रिफअत तिथे उभा राहिला, गार वारा तोंडावर आला, आणि खाली म्हातारी दिसली. पांढरे केस मोकळे, भट्टीपाशी वाकलेली. तिने वर पाहिलं. पिठाचे दोन्ही हात डोक्यावर धरले आणि धडपडत घरात गेली. रिफअतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर अंगणातून धूर निघाला नाही. बायको रात्री ताट आदळून म्हणाली, "शौकीची आई विकतच्या रोट्या आणते. या वयात! कुठे तोंड दाखवायचं मी?"

सकाळी रिफअतने स्वतःच्या हाताने खिडकी बुजवली. लग्न मोडलं तर मोडलं. सिमेंटचे हात तसेच घेऊन शेजारी गेला.

"खाला, खिडकी बुजवली. माझं चुकलं. तुम्ही आता खुशाल भट्टी पेटवा."

दार जरासं उघडलं. तिने रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. "बुजवलीस? अरे वेड्या, सुनेला उकडेल ना!"

तिच्या खांद्यावरून त्याला अंगण दिसलं. भट्टीच्या जागी मातीची ढेकळं पडली होती.

"खाला, हे काय केलंत?"

"मीच फोडली. भट्टी पेटवायची तर अंगणात यावं लागतं, आणि मी आले की तुम्हाला खिडकी लावून घ्यावी लागणार. गवंडी आला होता विचारायला, खरंच हो म्हणालात का म्हणून. मी म्हटलं, हो तर, रिफअतने विचारलं होतं. चारचौघांत तुला खोटं पाडू का मी?"

ती आत ये म्हणाली, पण त्याचा पाय काही उचलेना.