पालेवालीचा काढा

प्रयोगशाळेत तिला सगळे पालेवाली म्हणत. सतरा वर्षांपूर्वी ती तिथे काचेची भांडी घासायला लागली. मग कधीतरी कुणीतरी तिच्या हातात पाल्याची टोपली दिली, ती कायमचीच. हिवतापावरच्या एका कडू पाल्यावर तिथे संशोधन चालायचं. पाला सावलीत पसरायचा, दिवसातून दोनदा खालीवर करायचा, उन्हाची तिरीप आत आली की खिडकीला कागद चिकटवायचा. यंत्राआधी हिच्या बोटांना ओल कळते, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना सांगायच्या. ती मान खाली घालायची आणि संध्याकाळी भावाकडे ते शब्दन्‌शब्द सांगायची.

एक तपासणी ती बघून बघून शिकली होती. पाल्याच्या अर्कात क्षाराचे दोन थेंब टाकले की नळी पिवळीधमक व्हायची. ‘फ्लॅव्होनॉइड भरपूर आहेत,’ म्हणत मॅडम खूश व्हायच्या. तो शब्द तिच्या जिभेवर कधी नीट बसला नाही. पण पिवळं म्हणजे औषध जोरात, ही गाठ तिने मनाशी मारून ठेवली.

धाकट्या भावाला हिवताप झाला, तेव्हा तीच गाठ कामाला आली. भाऊ शिंपी. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलेला, त्यामुळे चाळिशीतही तिच्याशी लाडात बोलायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्याला उलट्या व्हायला लागल्या. तो हळूच म्हणाला, “ताई, तुमच्याकडचा पाला आण ना. हिला सांगू नकोस, उगीच माझी वरात काढेल.”

टाकून द्यायला ठेवलेल्या पोत्यातून तिने दोन मुठी पाला उचलला. आधी थेंब टाकून बघितले. पिवळाजर्द. मग बिनधास्त उकळून पाजला. गोळ्या गेल्या बटणांच्या डब्यात, आणि रिकामं पाकीट भावजयीला दिसेल असं फळीवर ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तापच नाही. भाऊ मशीनवर बसला, म्हणाला, ताई, माप दे, तुला मॅडमसारखा पांढरा कोट शिवतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मॅडमना सहज विचारलं, इतका पिवळा उतरणारा पाला टाकता कशाला?

मॅडम हसल्या. “पिवळेपणा फ्लॅव्होनॉइडचा. ते सोबती. मुख्य औषधाला ते जोर देत असावेत, तेच तर आपण शोधतोय. पण या जुन्या पाल्यात मुख्य औषधच उरलेलं नाही. वाजंत्री हजर, नवरा पळालेला.”

ती हसली नाही. भावाचा ताप एक दिवसाआड येत होता. काल त्याचा न येण्याचाच दिवस होता, आणि ती मात्र श्रेय घेऊन बसली होती.

मॅडमना न सांगताच ती निघाली. रस्ताभर बोटांवर मोजत राहिली: परवा ताप, काल नाही, आज पुन्हा. गल्लीच्या तोंडाशी आली तरी मशीनचा आवाज येईना, तेव्हा ती धावतच सुटली. आत भाऊ भिंतीला टेकून बसला होता, अंगातून वाफा निघत होत्या. रिकाम्या हातांनी तो हवेत काहीतरी मोजत होता. तिच्याकडे बघून अदबीने म्हणाला, “या, बसा. कुणाचं माप घ्यायचंय?”

त्याने तिला आयुष्यात कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या पूर्ण घेतल्या का? भावजय ठामपणे म्हणाली, सगळ्या घेतल्या, रिकामं पाकीट मी डोळ्यांनी बघितलंय. मग गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणायचं, असं पुटपुटत डॉक्टर लिहायला लागले.

पाला प्रयोगशाळेतला, न विचारता उचललेला. नोकरी जाईल. भावजय उंबरा चढू देणार नाही. आणि डॉक्टरांचं पेन पुढे चाललं होतं.

“लिहू नका,” पालेवाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “परवापासून एकही गोळी पोटात गेली नाही. मी पाला दिला.”

डॉक्टरांनी मान वर केली. कुठला पाला, किती, कितीदा, त्यांनी एकेक विचारलं, तिने एकेक सांगितलं. मग त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि सिस्टरला हाक मारली. सलाईनमधून औषध सुरू झालं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, म्हणाले.

भावजय तिच्याकडे वळली.

“वन्सं, आणखी काही लपवलंय?”

“नाही. एवढंच.”

“आईसारखं बघायचे ते तुमच्याकडे.”

ती उठून दाराकडे निघाली, तेवढ्यात भावजयीने तिचा पदर धरला.

“आता कुठे निघालात? इथेच बसायचं. शुद्धीवर आले की पुढच्या गोळ्या तुम्हीच द्यायच्या त्यांना. माझं ते ऐकत नाहीत.”

ती परत बसली. पदर भावजयीच्या मुठीतच होता.