चुना नुकताच दिलाय का?

अप्पा गेले तेव्हा मला रडू आलं नाही. मळमड्डीतल्या घरी माणसं भेटायला यायची, मी चहा टाकायची. अप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त सरकारी इंजिनिअर. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम केला होता. भूकंपानंतर घर राहण्याजोगं आहे का, हे तो एकेक प्रश्न विचारून सांगायचा. प्रश्न सगळे अप्पांचे, टाइप करणारी मी.

एका प्रश्नावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. ‘भिंतीला चुना नुकताच दिलाय का?’

“अय्यो अप्पा, भूकंपानंतर चुना कोण देत बसतंय?”

“आपली माणसं देतात. घर बघायला साहेब येणार म्हटलं की आधी चुना. टाक गप!”

टाकला, तणतणत.

अप्पा गेले त्याच वर्षी, गणपती विसर्जनाच्या रात्री, तिकडे सीमेपलीकडे महाराष्ट्रात भूकंप झाला. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तिकडेच दिलेलं. घर उभं होतं, पण ती पोरांना घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. एक दिवस एसटीडी बूथवरून तिचा फोन आला.

“थंडीनं पोरं खोकून खोकून बेजार झालीत गं. तुमच्या त्या मशीनला विचार ना, घरात जाऊ का?”

मी कॉम्प्युटर लावला. प्रश्न वाचत गेले, ती उत्तरं देत गेली. भेगा?

“एकसुद्धा नाही. भिंती कशा लख्ख आहेत!”

मग तो प्रश्न आला.

“दिलाय की. तपासणीला साहेब येणार आहेत, म्हणून परवाच दिला. त्यांना कळकट घर कसं दाखवायचं?”

पडद्यावर आलं, ‘चुना खरवडा. मग बोलू.’ वाक्य अप्पांचंच. मी ते बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्काचा पुन्हा फोन. चुन्याखाली भेग निघाली होती, खिडकीच्या कोपऱ्यापासून पायापर्यंत, आरपार. मी ते भरलं. ‘आत राहू नका.’ मी वाचून दाखवलं.

“बरं,” अक्का म्हणाली. सगळा हिवाळा आता शेडमध्येच, हे तिला कळलं होतं. मग हळूच म्हणाली, “आणखी काय म्हणतात अप्पा?”

उत्तराखाली नेहमीचा शेवटचा प्रश्न होता. तोच वाचला. “आणखी काही विचारायचंय का, म्हणतायत.”

तिकडे अक्का हुंदके देऊन रडायला लागली. मला तेव्हाही रडू आलं नाही. फोन ठेवल्यावर फक्त ‘नाही’ दाबायचं होतं, की प्रोग्रॅम बंद. ते काही दाबवेना. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून मी भाताला आधण ठेवलं.