सावळी नावाची भांग

लॅबमधले किस्से आम्ही कधी ठरवून गोळा केले नाहीत. उंदरांना भांगेचा अर्क द्यायचा आणि त्यांच्या मेंदूची सूज उतरते का ते पाहायचं, एवढंच काम. पण अशा कामात किस्से आपोआप साठत जातात.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. मी डिचोलीचा, लॅब असिस्टंट. वर पुण्याच्या मॅडम. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलीच्या वडलांनी विचारलं, "काम कसला करतास?"

खरं तेच सांगितलं, "उंदरांना भांग देतो."

त्यांनी पुढ्यातला चहा संपवला. मग म्हणाले, "सरकारी मां?"

"होय."

"मगे दी उंदरांक."

लग्न ठरलं.

*

भांग रीतसर परवान्यावर यायची. एकदा पोतं घेऊन पेडण्याला बसमध्ये चढलो. कंडक्टरला वास आला. मी परवाना पुढे केला. त्याने तो दोन्ही बाजूंनी वाचला. "हो तुजो परवानो. बशीचो खंय आसा?"

पोतं टपावर गेलं.

*

मूळ औषध मोरजीच्या वैदीण गोदाक्कांचं. डोक्याला मार बसलेल्याला त्या हीच पानं देत; 'सूज देंवता', म्हणजे उतरते, म्हणत. मॅडमनी विचारलं, "कुठली पानं घ्यायची?"

"सावळेंतली."

मॅडमनी वहीत लिहिलं: 'सावळी जात'. मी शेजारीच मान डोलावत उभा!

मग आम्ही काळपट पानं निवडून निवडून गच्चीवर कडक उन्हात वाळवली. तीन खेपा झाल्या, सूज जागची हलेना. आमचं काम तपासणाऱ्या कमिटीचे मोठे सर स्वतःच्या लॅबमध्येही हीच पानं तपासत होते; ते म्हणाले, "आमच्याकडेही काही निघालं नाही. पुढच्या महिन्यात 'निरुपयोगी' लिहून फाइल बंद करू." गोदाक्कांच्या अख्ख्या हयातीवर काट बसणार होती. मला जेवण गोड लागेना.

*

त्याच आठवड्यात घरी आई बायकोला सांगत होती, "रंगीत लुगडीं सावळेंत घाल गो, वतांत नाका."

घास हातातच राहिला. सावळी म्हणजे सावली! जन्मभर घरात ऐकलेला शब्द लॅबचा कोट चढवल्यावर मला कळला नव्हता. खूप लाज वाटली. तसाच सायकल काढून मॅडमकडे गेलो.

*

पानं व्हरांड्यात, सावलीत वाळवली. चौथी खेप. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. सूज उतरली होती. मी ती स्लाइड चहावाल्यालासुद्धा दाखवली. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे बायकोला सांगू नका.

*

आमच्याच लॅबमध्ये भरलेल्या कमिटीच्या बैठकीला मॅडमनी गोदाक्कांना मुद्दाम बोलावलं. नऊवारी नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या. मोठे सर काही केल्या मानेनात. "आमच्या लॅबमध्ये का नाही जमलं मग?"

गोदाक्कांनी विचारलं, "पानां खंय सुकयल्लीं?"

"ओव्हनमध्ये. लेटेस्ट मॉडेल आहे."

गोदाक्का उठल्या. सरांचा दंड धरून त्यांना व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि पानांशेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बसात सायबा, हांगा सावळेंत. तुमचीय सूज देंवतली."